यंत्र चांगले, लखोटा मुका: लातूरमधील एका मॅमोग्राफी केंद्राबद्दल

लातूरमधील एका खासगी तपासणी केंद्रात गेल्या ऑक्टोबरमध्ये माझी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, झाली, आणि एप्रिलमध्ये जाऊबाईंच्या फेरतपासणीसाठी आम्ही दोघी पुन्हा तेथेच गेलो. या दोन खेपांत जे पाहिले ते येथे लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल माझी मुख्य तक्रार आहे ती एकट्या त्या केंद्राची खोड नसावी. ओळखीतल्या इतर बायकांशी बोलल्यावर त्यांनीही आपापल्या ठिकाणचा तोच अनुभव सांगितला. तक्रार आधीच सांगून टाकते. तेथील यंत्र चांगले आहे, ते चालवणारी माणसेही चांगली आहेत, परंतु तपासणीनंतर हातात पडणारा लखोटा मुका आहे आणि त्याला बोलते करण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

मी अंबाजोगाईत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, वय ४७. जाऊबाई ५८ वर्षांच्या आहेत आणि गावाकडची शेती त्याच बघतात. त्यांच्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला होता. गाठ दुखत नव्हती म्हणून त्या माउलीने ती वर्षभर पदराखाली झाकली, आणि दाखवली तेव्हा वरच्या कातडीला जखम झाली होती. त्यानंतर घरात हा विषय कोणी काढत नसे. मागच्या पावसाळ्यात गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांपुढील बायकांची तपासणी सुरू झाली. आशाताईंनी घरी येऊन फॉर्म भरला, समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या तरुण मुलीने जाऊबाईंना आडोशाला नेऊन हाताने तपासले, हाताला काही लागत नसल्याचे सांगितले आणि आत्याची हकीकत ऐकल्यावर एकदा मॅमोग्राफी करून घ्या, असेही सुचवले. तेव्हापासून मी मागे लागले. "मला काय धाड भरलीय? कशाला उगंच पैसं घालायचं?" हे जाऊबाईंचे उत्तर ठरलेले होते. शेवटी "तुमच्यासंगं माझीही करून घेते, एकटीला मला भीती वाटते" असे म्हटल्यावर त्या तयार झाल्या. भीती खरीच होती, ते नुसते निमित्त नव्हते.

एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, त्यामुळे अंबाजोगाई ते लातूर हा प्रवास पैशांच्या दृष्टीने जड नाही. जड आहे तो दिवस मोडणे. ऑक्टोबर हा जगभर स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो, आणि केंद्राने त्या निमित्ताने दरात सवलत ठेवली होती. दारावर गुलाबी फीत रंगवलेला मोठा फलक होता. परंतु मराठवाड्यात ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी आणि मळणी. ज्या वयाच्या बायकांनी ही तपासणी करून घ्यावी असे वाटते, त्या नेमक्या त्या महिन्यात विळा घेऊन शेतात वाकलेल्या असतात. आम्ही गेलो त्या दिवशी प्रतीक्षागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक जणी शहरातल्या, नोकरी करणाऱ्या किंवा नोकरदारांच्या घरच्या दिसत होत्या. गावाकडून आलेल्या आम्ही दोघी आणि औशाकडची एक आजी. सवलतीचा महिना कोणी आणि कोणासाठी ठरवला असावा, असा प्रश्न तेव्हाच मनात आला.

काउंटरवरील मुलगा विनयाने बोलत होता, पण त्याचे सारे लक्ष 'महिला आरोग्य पॅकेज' खपवण्यावर होते. नुसती मॅमोग्राफी सवलतीत १,४०० रुपयांना आणि पॅकेज २,९९९ रुपयांना होते. पॅकेजमध्ये मॅमोग्राफी, स्तनांची सोनोग्राफी, थायरॉईड, ड जीवनसत्त्व आणि 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीए १५-३ ही रक्ततपासणी होती. सोनोग्राफी हवी होती म्हणून मी दोघींसाठी पॅकेज घेतले आणि त्यातल्या सीए १५-३ चे पैसे फुकट गेले, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना हा आजार आधीच झालेला आहे, त्यांपैकी काहींच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी ही तपासणी वापरतात. धडधाकट बाईच्या शरीरातला लहानसा कर्करोग शोधण्यासाठी ती नाही. आजार सुरुवातीच्या अवस्थेत असताना हा आकडा अनेकदा सामान्य असतो, आणि यकृताच्या दुखण्यात किंवा स्तनाच्या साध्या विकारातही तो वाढलेला दिसू शकतो. म्हणजे आकडा बरा आला तर खोटा दिलासा आणि वाईट आला तर खोटी धास्ती. काउंटरच्या कडेला आणखी एक पत्रक होते, 'स्पर्श नाही, किरण नाहीत' असे सांगून स्तनांच्या उष्णतेचे चित्र काढणाऱ्या शिबिराचे. लाजाळू बाईला हे ऐकायला गोड वाटते. परंतु असे उष्णतेचे चित्र मॅमोग्राफीच्या जागी वापरता येत नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एकापेक्षा अधिक वेळा दिलेला आहे. ज्या केंद्रात चांगले मॅमोग्राफी यंत्र आहे, त्याच केंद्राच्या काउंटरवर हे पत्रक का असावे, ते मला कळले नाही.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये 'आई किंवा बहीण यांना स्तनाचा कर्करोग होता का' एवढेच विचारलेले होते. जाऊबाईंनी 'नाही' सांगितले, आणि विचारलेल्या प्रश्नाचे ते खरे उत्तर होते. आत्या राहिली. आपल्या भाषेत मावशी वेगळी, आत्या वेगळी, चुलत आणि मामेबहीण वेगळी, इतकी नेमकी नाती असताना फॉर्मने दोनच नात्यांवर थांबावे, याचे नवल वाटते. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांतील, या आजाराची जोखीम वाढवणारा दोष आईकडून जसा येतो तसाच बापाकडूनही येतो. त्यामुळे बापाची बहीण ही या चौकशीत मावशीइतकीच महत्त्वाची आहे. त्याबरोबर कितव्या वर्षी आजार झाला, आणि घरात कोणाला अंडाशयाचा कर्करोग होता का, हेही विचारायला हवे. एकूण रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांचाच आजार आनुवंशिक असतो, म्हणून घरात कोणाला नव्हता एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये. परंतु ज्या घरात तो आहे, तेथे प्रश्न नीट विचारले गेले पाहिजेत. मी पेनाने 'वडिलांची बहीण' असे समासात लिहून दिले. पुढे सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांनी तेवढेच वाचून दोन-चार प्रश्न विचारले, याबद्दल त्यांचे कौतुक आहे.

आता मॅमोग्राफीच्या खोलीविषयी सविस्तर लिहिते, कारण बायका घाबरतात त्या याच खोलीला, आणि या केंद्राचा सर्वांत चांगला भागही हाच आहे. यंत्र डिजिटल आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याची प्रत बाहेर भिंतीवर लावलेली होती. टेक्निशियन बाई होती आणि खोलीत दुसरे कोणी नव्हते. दाराला आतून कडी, मध्ये पडदा, धुतलेला गाऊन. तिने आधी पाळीची तारीख विचारली आणि काखेत पावडर किंवा सुवासिक फवारा लावला आहे का, हेही विचारले. जाऊबाईंनी एसटीत बसण्यापूर्वी सढळ हाताने टाल्कम पावडर मारलेली होती. तिने ओल्या कापडाने ती पुसून घ्यायला लावली. पावडरीतले कण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि कर्करोगाशी संबंधित चुन्याचे बारीक कणही तसेच ठिपके होऊन दिसतात, हे तिने साध्या शब्दांत सांगितले. फोनवर वेळ ठरवतानाच हे सांगितले असते तर बरे झाले असते. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात यावे, कारण तेव्हा स्तन कमी दुखरे असतात, हेही मला तेथे जाऊनच कळले.

प्रत्येक स्तनाची दोन चित्रे काढतात, एक वरून खाली आणि दुसरे तिरपे. तिरप्या चित्रात काखेकडचा भागही येतो. स्तन सपाट पाटावर ठेवून वरून दुसरी पारदर्शक पट्टी दाबत आणतात. दाब चांगलाच लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आतून जाऊबाईंचा आवाज आला, "अगं बाई, एवढं दाबायचं असतंय व्हय?" त्यावर त्या मुलीने न चिडता सांगितलेले उत्तर मला पडद्याबाहेर ऐकू आले: दाबल्याने आतला थर पातळ पसरतो, एकावर एक आलेले भाग सुटे दिसतात आणि किरणेही कमी लागतात. दाब काही सेकंदांचाच असतो, श्वास रोखायला सांगतात, आणि चारही चित्रे दहा-पंधरा मिनिटांत होतात. किरणांचे म्हणाल तर एका मॅमोग्राफीतून साधारण ०.४ मिलीसिव्हर्ट एवढी मात्रा मिळते, म्हणजे माती, हवा आणि आकाशातून कोणालाही सुमारे दोन महिन्यांत मिळतात तितकीच किरणे. बाहेर आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "दुखलं खरं, पर पोरगी मायेची हाय." या खोलीला मी पूर्ण गुण देते.

सोनोग्राफी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टही महिला होत्या आणि त्यांनी घाई केली नाही. माझे स्तन दाट असल्याचे त्यांनी सांगितले. दाट म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त; मॅमोग्राफीत हा भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे तेथे सोनोग्राफीची जोड उपयोगी पडते. आमच्या आधी आत गेलेल्या एका तरुण मुलीला काउंटरवर मॅमोग्राफीची पावती फाडून दिलेली होती. ती सत्ताविशीची, गाठ हाताला लागते म्हणून आलेली. या डॉक्टरांनी तिला तेथेच थांबवले, या वयात आधी सोनोग्राफी करतात असे सांगितले आणि काउंटरला फोन करून मॅमोग्राफीचे पैसे परत करायला लावले. दार अर्धे उघडे असल्याने हे आम्ही सर्वांनी ऐकले. दार उघडे राहणे चुकीचे होते. ऐकलेली गोष्ट मात्र त्या डॉक्टरांविषयी आदर वाढवणारी होती.

उणीव एवढीच की तेथे कोणीही हाताने तपासत नाही. मॅमोग्राफी प्रत्येक कर्करोग पकडतेच असे नाही. विशेषतः दाट स्तनांत काही गाठी चित्रात लपून राहतात. म्हणून हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राफी निर्दोष आली तरी शोध तेथे थांबवायचा नसतो. हाताची तपासणी, चित्र आणि गरज पडल्यास सुईने काढलेला तुकडा, या तिन्हींचा मेळ घालून निष्कर्ष काढतात. हे वाक्य त्या केंद्राच्या रिपोर्टवर ठळक छापायला हवे होते.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नये, याला आपल्याच राज्यातला पुरावा आहे. मुंबईतील टाटा मेमोरियल केंद्राने १९९८ पासून ३५ ते ६४ या वयाच्या सुमारे दीड लाख महिलांवर एक अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करीत. २०२१ मध्ये त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजार तुलनेने लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील महिलांत मात्र मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढील महिलांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी ठेवलेली आहे, ती या पार्श्वभूमीवर. आमच्या गावातल्या त्या मुलीने आठ-दहा मिनिटे घालवून केलेली विनामूल्य तपासणी ही २,९९९ रुपयांच्या पॅकेजमध्ये नसलेली गोष्ट होती.

केंद्राची माहितीपुस्तिका गुळगुळीत कागदावर, रंगीत आणि निम्मी निरुपयोगी आहे. वयाच्या तिसाव्या वर्षापासून दरवर्षी मॅमोग्राफी करावी, असे तिच्यात सरसकट लिहिले आहे. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या कृतिदलाने २०२४ मध्ये सर्वसाधारण जोखमीच्या महिलांसाठी ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवली आहे. तिसाव्या वर्षापासून दरवर्षी हा सल्ला जोखीम फार जास्त असलेल्या थोड्या महिलांसाठी असतो. पुस्तिकेत काळी आणि घट्ट अंतर्वस्त्रे टाळा, असाही सल्ला आहे, ज्याला कसलाही आधार नाही. मद्यपानाचा आणि पाळी गेल्यानंतर वाढणाऱ्या वजनाचा जोखमीशी असलेला संबंध मात्र तिच्यात कोठेच नाही. स्तनपानाबद्दल एक ओळ आहे, तीही 'बाळासाठी उत्तम' एवढीच. आईचाही त्यात लाभ आहे: ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार, स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे जोखीम सुमारे ४.३ टक्क्यांनी उतरते. जाऊबाईंनी चार लेकरांना मिळून सात वर्षे तरी अंगावर पाजले असेल. त्यांना हे सांगितले तेव्हा "मग मला कशाला आणलंस?" असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. उत्तर असे की वय हे स्वतःच मोठे कारण आहे. पाजल्याने जोखीम उतरते, संपत नाही.

पुस्तिकेत दर महिन्याला आरशापुढे उभे राहून करायच्या सात पायऱ्यांचे चित्रही आहे. चीनमधील शांघाय येथे अडीच लाखांहून अधिक महिला कामगारांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी पद्धतशीर स्वतपासणी शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत; निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. त्यामुळे पायऱ्या चुकल्या म्हणून कोणी अपराधी वाटून घेऊ नये. आपले अंग आपल्याला ओळखीचे असावे आणि त्यात फरक पडला तर तो ताबडतोब दाखवावा, एवढे पुरते: स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे, कातडीला खळी पडणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी ती दिसू लागणे, बोंडावरची न भरणारी खपली. दुखत नाही म्हणून न दाखवणे ही जाऊबाईंच्या आत्याची चूक आमच्याकडे अजून घरोघर होते. उलट, नुसते दुखणे हे बहुतेक वेळा दुसऱ्याच साध्या कारणाने असते, आणि दाखवलेल्या गाठींपैकी बहुतेक गाठीही कर्करोगाच्या नसतात.

आता लखोट्याकडे येते. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळणार होता. लातूरला राहणाऱ्या पुतण्याने तो काउंटरवरून घेतला. पांढरा, केंद्राचे नाव छापलेला लखोटा. आत सीडी, फिल्म आणि इंग्रजीतला दोन पानांचा रिपोर्ट. शेवटी जाऊबाईंच्या नावापुढे लिहिले होते: 'बायरॅड्स ३'. पुतण्याने काउंटरवर विचारले, याचा अर्थ काय. "डॉक्टरांना दाखवा" असे उत्तर मिळाले. कोणत्या डॉक्टरांना? रिपोर्टवर 'रेफर्ड बाय' या रकान्यात 'सेल्फ' असे छापलेले होते. आम्ही सवलतीचा फलक पाहून थेट गेलो होतो, केंद्राने कोणाची चिठ्ठी मागितली नव्हती, आणि त्यामुळे हा रिपोर्ट समजावून सांगणे हे जगात कोणाचेच काम उरले नव्हते. पुतण्याने पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, 'काकूंना तिसरी स्टेज निघाली आहे.'

त्या रात्री गावाकडे चूल पेटली नाही. भाऊजी ओट्यावर नुसते बसून राहिले. लेकी सासरहून फोनवर रडल्या. जाऊबाई स्वतः रडल्या नाहीत. सोयाबीनची रास कोणी उचलायची, एवढेच त्या विचारत राहिल्या. मला आकड्यांचा हा प्रकार अर्धवट माहीत होता, पण अर्धवट माहिती त्या वेळी कोणाच्या गळी उतरत नाही. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या एका सर्जनना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चित्रे पाहिली, जाऊबाईंना हाताने तपासले आणि दोन मिनिटांत सांगितले की हा आकडा म्हणजे आजाराची अवस्था नव्हे.

बायरॅड्स ही अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ठरवलेली, चित्र वाचून निष्कर्ष लिहिण्याची पद्धत आहे. शून्य म्हणजे चित्र अपुरे, आणखी तपासणी हवी. १ म्हणजे काही नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण निश्चित निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोग निघण्याची शक्यता २ टक्क्यांच्या वर नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ म्हणजे संशयास्पद, तुकडा काढून तपासायचा. ५ म्हणजे कर्करोगाची शक्यता ९५ टक्के किंवा त्याहून अधिक. आणि ६ म्हणजे तो आधीच सिद्ध झालेला. स्टेज ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ती आजार सिद्ध झाल्यावर गाठीचा आकार, काखेतल्या ग्रंथी आणि इतरत्र झालेला फैलाव पाहून ठरते. जाऊबाईंच्या डाव्या स्तनात आठ मिलिमीटरची, कडा स्पष्ट असलेली लंबगोल गाठ दिसली होती, एवढाच त्या तीनचा अर्थ. माझ्या रिपोर्टवर १ होता, आणि त्या रात्री तो कोणी वाचलाही नाही.

या साऱ्यासाठी केंद्राला किती खर्च आला असता? रिपोर्टच्या खाली मराठीत चार ओळी, किंवा ३ आणि त्यापुढचा आकडा असेल तर रेडिओलॉजिस्टांचा पाच मिनिटांचा फोन. सोनोग्राफी करताना त्याच डॉक्टर इतक्या आपुलकीने बोलल्या होत्या. लखोटा मात्र त्यांच्या हातून न येता काउंटरवरून येतो, आणि वाटेत त्यांचा आवाज गळून पडतो.

बीड जिल्ह्यात या मुक्या लखोट्याची किंमत इतर ठिकाणांहून जास्त आहे, असे मला वाटते. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची चौकशी केली. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घातल्याचे अनेक बायकांनी त्या काळात सांगितले होते. तेव्हापासून आमच्या भागात कर्करोगाचे नाव काढून तपासणीला बोलावणाऱ्याकडे बायका संशयाने पाहतात, आणि तो संशय त्यांनी अनुभवातून कमावलेला आहे. अशा ठिकाणी अर्थ न सांगता एक आकडा हातात देणे म्हणजे पुढच्या दहा बायकांची पावले दारातच थांबवणे होय. आमच्या गल्लीतल्या दोघींनी जाऊबाईंच्या त्या रात्रीनंतर तपासणीसाठी दिलेले आपले नाव काढून घेतले; खुलासा झाल्यावरही त्यांतली एकच परत आली.

पाठपुरावा हा दुसरा दोष. सहा महिन्यांनी या, असे रिपोर्टमध्ये लिहिले होते, पण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात केंद्राकडून माझ्या फोनवर थायरॉईडच्या सवलतीचे, मधुमेहाच्या पॅकेजचे आणि संक्रांतीच्या शुभेच्छांचे संदेश आले. जाऊबाईंची तारीख जवळ आल्याचा एकही आला नाही. ज्या यंत्रणेला संक्रांत लक्षात राहते, तिला एका रुग्णाची तारीख लक्षात ठेवणे अवघड नसावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील बाई असती तर त्या सहा महिन्यांतले बरेचसे ती फडातच असती, आणि आठवण करून देणारे कोणी नसेल तर ती तारीख कायमची हुकली असती.

एप्रिलच्या खेपेला उन्हाचा कडाका होता, गर्दी नव्हती. टेक्निशियन तीच होती आणि तिने जाऊबाईंना ओळखले. या वेळी पावडर नव्हती. परंतु जुन्या चित्राशी तुलना करावी लागेल, हे काउंटरला ठाऊक नव्हते. "नवीन रिपोर्ट नवीनच असतो" असे तो मुलगा म्हणाला. फेरतपासणीचा सारा अर्थ तुलनेतच आहे. मी ऑक्टोबरची सीडी पिशवीतून काढून आत पाठवली आणि डॉक्टरांना भेटल्याशिवाय जाणार नाही, असे सांगितले. डॉक्टर बाहेर आल्या, दोन्ही चित्रे शेजारीशेजारी लावून त्यांनी जाऊबाईंना पडद्यावर ती गाठ दाखवली: आकार तेवढाच, कडा तशाच. "ही बघा, सहा महिन्यांत हलली नाही," असे त्या मराठीत म्हणाल्या. जाऊबाईंनी पदराने चष्मा पुसून पडद्याकडे बराच वेळ पाहिले. ऑक्टोबरमध्ये हे पाच मिनिटांचे काम झाले असते, तर आमच्या घरची ती रात्र टळली असती. अशी गाठ साधारण दोन वर्षे बदलली नाही तर ती निरुपद्रवी मानतात, हेही त्यांनी तेव्हा सांगितले.

ज्यांना या केंद्रात किंवा अशाच दुसऱ्या केंद्रात जायचे आहे, त्यांनी आधी एखाद्या डॉक्टरांना दाखवून, हाताने तपासणी करून घेऊन, त्यांची चिठ्ठी घेऊनच जावे. मग 'सेल्फ'च्या जागी एक नाव येते आणि लखोटा नेऊन दाखवायला एक दार असते. पॅकेज घेऊ नये, मॅमोग्राफी आणि सांगितली असेल तरच सोनोग्राफी घ्यावी. जुनी सीडी आणि फिल्म जपून ठेवावी. आकडा ४ किंवा ५ असेल तर मात्र सण, रास, लग्नसराई काही पाहू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात पहिल्यांदा दाखवल्यापासून निदान होईपर्यंत ६० दिवसांची मर्यादा घातलेली आहे, आणि आपल्याकडे ते दिवस अर्धे तर घरात ठरवाठरवी करण्यातच जातात. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि धाराशिवकडच्या बायकांना बार्शी जवळ पडते. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि तिच्यात बार्शीबरोबर आपले भूम आणि परंडा हे तालुकेही होते. तेव्हा हा आजार शहरातल्या बायकांचाच, असे आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये.

यंत्र आणि टेक्निशियन यांना पाचपैकी पाच, रेडिओलॉजिस्टांना साडेचार, पुस्तिकेला एक, पॅकेजला शून्य, आणि लखोट्याला किती द्यावेत ते मी पुढच्या खेपेपर्यंत राखून ठेवते. पुढची तपासणी वर्ष पूर्ण झाल्यावर, म्हणजे पुन्हा ऑक्टोबरमध्ये येते. "रास झाल्याबिगर म्या येत नसते," असे जाऊबाईंनी तेथेच सांगितले. दोन-चार आठवडे मागेपुढे झाले तर चालेल, असे डॉक्टर म्हणाल्या, म्हणून सवलतीचा दर नोव्हेंबरमध्ये मिळेल का, असे मी काउंटरवर विचारले. सवलत ऑक्टोबरपुरतीच असते, असे उत्तर मिळाले. दिवाळीनंतरची तारीख मी पूर्ण दराने घेतली आहे आणि ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.